दहा वाजताची नोंद

१

चार नंबरच्या खाटेवरचा माणूस दुपारी सव्वा वाजता भडाभडा हिरवं ओकला, आणि साडेतीनपर्यंत सगळ्या इस्पितळाला माहीत झालं की चूक कुणाची आहे. फक्त प्रत्येकाला वेगळ्या माणसाची चूक माहीत होती, एवढाच काय तो घोळ.

संयोगिता बर्गे यांना मात्र काहीच माहीत नव्हतं. सांगलीतल्या त्या साठ खाटांच्या खासगी इस्पितळात त्या मेट्रन होत्या. मूळच्या कोरेगावच्या, नोकरीला चौतीस वर्षं झालेल्या. महिनाअखेरीला निवृत्त व्हायच्या होत्या. मार्चची अखेर म्हणजे आणखी नऊ दिवस. हे नऊ दिवस कुणी मरू नये, कुणी भांडू नये आणि आपले सुजलेले घोटे संध्याकाळी चपलेत मावावेत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"मॅडम, पाचपर्यंत रिपोर्ट हवाय," मॅनेजर शिवतेज मोहिते म्हणाला. वयानं त्यांच्या मुलाएवढा, पण घाई तिघांची. "अंकितानं खोटी नोंद केली, किंवा नातेवाइकांनी चोरून खायला घातलं. दोन्हीपैकी एक."

"आणि तिसरंच काही असलं तर?"

"पाचच्या आत असेल तर चालेल."

प्रकरण असं होतं. सिद्धू बंडगर, वय साठीच्या आसपास, जतकडचा मेंढपाळ. आतड्याला पीळ पडून आलेला. चार दिवसांपूर्वी डॉक्टर वीरधवल माने यांनी त्याचं वीतभर काळं पडलेलं आतडं कापून टोकं जोडली होती. अशा ऑपरेशननंतर आतडं झोपी जातं. ते जागं झालं हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पोटातलं वारं खालून सरणं. ते सरेपर्यंत सिद्धूला पाण्याचा थेंबही तोंडानं द्यायचा नव्हता.

सकाळी दहाच्या नोंदीत लिहिलं होतं, 'वारं सरलं. हो.' खाली अंकिताची सही होती. त्या नोंदीवर त्याला पाणी दिलं आणि तीन तासांत त्याचं पोट टम्म फुगलं. आता तो आयसीयूत धापा टाकत होता. बाहेर त्याचा मुलगा म्हणत होता की नर्सनं पाणी पाजून बापाला मारलं. आत डॉक्टर म्हणत होते की नर्सनं न विचारताच टिकमार्क केला. तेवीस वर्षांच्या अंकिताची ही पहिली नोकरी होती, आणि शिवतेजच्या टेबलावर तिला कामावरून काढल्याचं पत्र टाइप होऊन तयार पडलं होतं. फक्त कारणाची जागा मोकळी होती.

२

अंकिता चादरींच्या खोलीत गठ्ठ्यावर बसली होती. रडून झालं होतं. महाबळेश्वरची मुलगी, वडील टॅक्सी चालवायचे. कामाला हुशार, पण सहा महिन्यांत सांगलीचं ऊन आणि सांगलीची माणसं, दोन्ही तिला सोसायला शिकावं लागलं होतं.

"तू खरंच विचारलंस का?" बर्गे सिस्टर तिच्या शेजारी टेकल्या. टेकल्यावर बरं वाटलं, म्हणून थोडी लाजही वाटली.

"विचारलं. बाबा ग्लानीत होते, म्हणून मावशींना विचारलं. त्यांच्या बायकोला, हरणाबाईंना."

"शब्द न शब्द सांग. गाळू नकोस."

"मी म्हटलं, मावशी, वारं गेलं का? त्या म्हणाल्या, व्हय, गेलं. मी विचारलं, कधी? तर मगाशी आठाच्या सुमाराला."

"आठाला आपली ओव्हर चालू असते." रात्रपाळीनं दिवसपाळीला वॉर्ड समजावून द्यायचा, त्याला तिथं ओव्हर म्हणत. त्या वीस मिनिटांत सगळ्या नर्सा टेबलाभोवती असत आणि खाटेपाशी फक्त नातेवाईक.

"हो, म्हणून मी पाहिलं नाही. मग त्यांनीच विचारलं, परत आलं तर वं? मी म्हटलं, येऊ दे की, ते आलेलं चांगलंच. तशी त्या खूश झाल्या. हात जोडले त्यांनी मला."

"पोटाला हात लावलास?"

"लावू देईनात. ग्लानीतही कण्हून हात ढकलायचे. टाके ओले आहेत म्हणून मला वाटलं..." ती थांबली. "माने सर ऑपरेशनमध्ये होते. मी आतल्या फोनवर सांगितलं. ते म्हणाले, वारं सरलंय ना, मग घोटघोट पाणी सुरू कर. मी तेवढंच केलं. मी खोटं लिहिलं नाही, सिस्टर. तुम्ही शिकवलंत तसंच विचारलं."

बर्गे सिस्टरांनी चौतीस वर्षांत खोटं बोलणाऱ्या पुष्कळ नर्सा पाहिल्या होत्या. खोटं बोलणारी मुलगी स्वतःच्या बचावाचं आधी सांगते. हिनं पोटाला हात न लावल्याचं आपल्या तोंडानं सांगितलं होतं. पण मग हरणाबाई खोटं बोलली म्हणायची. आणि ती का बोलेल? नवऱ्याला पाणी मिळावं म्हणून?

दार ढकललं गेलं. वॉर्डातली मावशी साळूबाई हातात ओला अभ्रा घेऊन उभी होती.

"बाई, ह्यो चार नंबरचा अभ्रा बघा. वाळला तवा पिवळा डाग हुता. साबनात घातला, तर रगतावानी लाल झालाय!"

३

साबणानं लाल होणारा पिवळा डाग कशाचा, हे स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. तो पित्ताचा नव्हता. हळदीचा होता.

शिवतेजचा चेहरा उजळला. "हळदीचं दूध! जखम भरावी म्हणून पाजलं असणार. संपलं, मॅडम. नातेवाइकांची चूक. अंकिताला निष्काळजीपणाची नोटीस, आणि विषय बंद."

डॉक्टर मान्यांनाही ते पटलं. त्यांचे डोळे तांबारले होते. सकाळी आठपासून ते उभेच होते. "उपाशी आतड्यात दूध गेलं, त्यावर आपण पाणी दिलं. फुगणारच. नाकातून नळी टाकलीय, सलाइन चालू आहे. उद्या सकाळपर्यंत वाट पाहू. आतडं आपोआप जागं होईल."

"आणि दूध प्यायलाच नसेल तर?" बर्गे सिस्टरांनी विचारलं.

"सिस्टर, मी दमलोय," डॉक्टर म्हणाले. त्यात राग नव्हता. सगळेच दमले होते.

सिद्धूचा मुलगा तानाजी जिन्यात बसला होता. शेजारी थर्मास. शिवतेजनं तो थर्मास पुरावा म्हणून मागितला होता आणि त्यावरून दोघांची हातघाई व्हायची बाकी राहिली होती.

"उघडा की बाई, बघा!" तानाजीनं झाकण फिरवून पुढं केलं. आत काळा चहा होता. "माज्यासाठी आनलाय. आमी बाला येक थेंब दिला न्हाई. पयल्या दिवशी डाक्टरनं दम भरला तवापासनं आई तर त्याच्याम्होरं पानी बी पीत न्हाई, भाईर जाऊन पिती. अन् तुमी आमालाच चोर म्हंता व्हय?"

"मी म्हटलं नाही, बाळा."

"त्यो मॅनेजर म्हनला की."

त्या परत वॉर्डात आल्या. अभ्रा धुतला गेला होता, पण चादर अजून बाजूला काढलेल्या गाठोड्यात होती. त्यांनी ती खिडकीपाशी उजेडात धरली. उशाकडच्या शिवणीत पिवळी पूड अडकली होती. बोटानं झटकली तर झडली. नाकाला लावली. दुधाचा वास नाही, चिकटपणा नाही, सांडल्याचा गोल नाही. उन्हाळ्यात सांडलेलं दूध तासाभरात आंबतं आणि वासानं नाक धरायला लावतं.

"साळूबाई, ओकारी तू पुसलीस ना? कशी होती?"

"हिरवं पानी निस्तं. दुधाची येक गुठळी न्हवती."

म्हणजे हळद होती, पण ती कोरडी. आणि ती त्याच्या तोंडातून नाही, डोक्यावरून उशीवर पडली होती. दुधाची गोष्ट खोटी ठरत होती. सिद्धूच्या पोटात जर घोटभर पाण्यापलीकडे काहीच गेलं नव्हतं, तर ते बिघडलं कशानं? आणि डॉक्टर उद्या सकाळपर्यंत वाट पाहणार होते.

घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

४

त्यांनी तक्ता मागवला. चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता.

ताप पाहिला. सहाला नाही, दहाला नाही, बारालाही किंचितच. सगळे तापच पाहतात, कारण तो लाल शाईत असतो. त्याखालची नाडीची ओळ कुणी वाचत नाही. सहा वाजता ब्याण्णव. दहाला एकशे चार. बाराला एकशे अठरा. अंकितानं आकडे प्रामाणिकपणे लिहिले होते आणि पुढं कंसात 'वेदनेमुळे' असंही लिहिलं होतं.

ताप नसताना नाडी अशी का धावावी? त्यांनी औषधांचं पान उलटलं. साडेआठला दुखण्यासाठी पॅरासिटामॉलची बाटली लावलेली. दुखण्याला लावलेली ती बाटली तापही दाबून टाकते. म्हणजे ताप नव्हता, असं म्हणता येत नव्हतं. तो दिसला नव्हता, एवढंच.

"साळूबाई, आज सकाळी चार नंबरला काही वेगळं घडलं का? ओव्हर चालू होती तेव्हा?"

साळूबाईनं कमरेवर हात ठेवून आठवलं. "येगळं काय न्हाई. ती म्हातारी बलँकीट मागाय आल्ती. येक दिलं. परत आली, आनी येक द्या म्हनली. मी म्हनलं, आवं, ह्या उन्हाळ्यात दोन बलँकिटं कशाला? तर म्हनली, मालकास्नी लागत्यात. मी लय इचारलं न्हाई. फरशी वल्ली हुती."

मार्चअखेरीची सांगली. पंखे पाचावर फिरत होते आणि वॉर्डात माणसं बनियनवर झोपली होती.

बर्गे सिस्टर खुर्चीवर बसल्या. त्यांना अंकितानं सांगितलेलं एक वाक्य आठवलं. परत *आलं* तर, असं हरणाबाईंनी विचारलं होतं. पोटातलं वारं जातं, सरतं, सुटतं. ते येत नाही. मग येतं ते कुठलं?

कोरेगावातही बायांच्या अंगात यायचं. पण त्यांच्या आळीत त्याला देव आला म्हणत. वारं म्हणत नसत.

त्या उठल्या आणि आयसीयूकडे निघाल्या. घोटे दुखतात हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

५

हरणाबाई आयसीयूच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. मुठीत पदराची गाठ होती. बर्गे सिस्टर तिच्या समोर खाली फरशीवर बसल्या. मेट्रनला फरशीवर बसलेलं तिथं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"मावशी, सकाळी वारं आलं होतं, ते कसलं?"

"बिरुबाचं," हरणाबाई सहज म्हणाली. "ह्यांच्या अंगात येतंया. बारक्यापनापासनं. जत्रंला येतंया, कवा कवा घरात बी. पर दवाखान्यात यील असं वाटलं न्हवतं. मला तर लय बरं वाटलं. म्हनलं, देव हितवर आला."

"काय झालं नेमकं?"

"थरथराय लागलं की वो. दात वाजत हुतं, खाट हालत हुती. अंग गार. मी बलँकिटं घातली, कपाळाला भंडारा लावला." तिनं पदराची गाठ सोडून दाखवली. आत पिवळीधमक हळद होती. "अर्ध्या घटकंनं गेलं. मग निवांत पडलं."

बर्गे सिस्टर पुढं सरकल्या. "हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही का?"

हरणाबाईनं त्यांच्याकडं नवलानं पाहिलं. "सांगितलं की. त्या गोऱ्या पोरीला. तिनंच इचारलं, वारं गेलं का म्हनून. मला वाटलं, किती शानी पोरगी, आमचं वारं वळीखती. व्हय गेलं म्हनलं, तर तिनं लिवून बी घेतलं."

बर्गे सिस्टर भिंतीला धरून उठल्या आणि जवळजवळ धावत डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. माने डोळे मिटून पडले होते.

"सर, आज सकाळी आठला त्याला थंडी वाजून आली होती. खाट हलेल इतकी. आपल्याला कुणाला कळलं नाही, आणि ताप आपण दुखण्यावर दिलेल्या औषधानं झाकला. वारं सरलेलंच नाही. दूधही पाजलेलं नाही, ती हळद कपाळाची होती. नाडी सकाळपासून चढतेय. आज चौथा दिवस आहे, सर."

डॉक्टर उठून बसले. चौथा दिवस, थंडी, धावती नाडी आणि फुगलेलं पोट. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. आतड्याचा जोड सुटला होता आणि आतली घाण पोटात झिरपत होती. पोटात सुई घालून पाहिली, तर मळकट पाणी आलं.

चार वाजून पन्नास मिनिटांनी सिद्धू बंडगरला दुसऱ्यांदा ऑपरेशनला नेलं. "उद्या सकाळपर्यंत थांबलो असतो तर," डॉक्टर हातमोजे चढवताना म्हणाले.

६

सिद्धू वाचला. पोटाला पिशवी लागली, ती काही महिन्यांनी काढायची होती. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडून मेंढरांची चौकशी केली आणि तानाजीनं जिन्यात जाऊन डोळे पुसले.

रिपोर्ट राहिला होता. शिवतेजच्या खोलीत डॉक्टर माने आणि अंकिताही होती. बर्गे सिस्टरांनी सगळं क्रमानं सांगितलं. कुणी खोटं बोललं नव्हतं. अंकितानं पोटातलं वारं विचारलं, हरणाबाईनं अंगातलं वारं सांगितलं, आणि दोघींचं बोलणं एकमेकींत इतकं नीट बसलं की शंका घ्यायला जागाच उरली नाही. वर डॉक्टरांनी पोट न तपासता फोनवर पाणी सुरू करायला सांगितलं. मान्यांनी मान खाली घातली, पण नाही म्हणाले नाहीत.

"उत्तम," शिवतेज म्हणाला. "भाषेचा गैरसमज. एका ओळीत लिहा आणि सही करा. कुणाचं नाव नको."

"नाव आहे ना."

"कुणाचं?"

"माझं. पेशंटला गॅस म्हटलं की कळत नाही, आणि साधा मराठी शब्द वॉर्डात बरा दिसत नाही, म्हणून वारं म्हणायचं, असं मीच घालून दिलं. येणाऱ्या प्रत्येक पोरीला पहिल्या दिवशी शिकवते. हिलाही शिकवलं. आणि 'हो' म्हटलं की पोटाला हात लावून खात्री करायची, हे मात्र शिकवायचं राहिलं. एवढी वर्षं राहिलं."

"मॅडम, तुमच्या सेवेच्या दाखल्यावर शेरा जाईल," शिवतेज हळू आवाजात म्हणाला. या वेळी त्याला खरंच वाईट वाटत होतं. "चौतीस वर्षांत एकही नाही तुमच्या. सहा दिवस राहिलेत. कशाला?"

वाईट त्यांनाही वाटलं. कोरा दाखला फ्रेम करून भिंतीला लावायचं नवऱ्यानं ठरवून ठेवलं होतं. फौजेतून आलेला माणूस, त्याला असल्या कागदांचं भारी कौतुक. पण ते टाइप केलेलं पत्र अजून टेबलावर होतं आणि त्यातली कारणाची जागा अजून मोकळी होती. त्या जागेत कुणाचं तरी नाव जाणारच होतं. त्यांनी रिपोर्टावर आपलं नाव लिहिलं, सही केली आणि ते पत्र उचलून चार तुकडे केले. शिवतेजनं अडवलं नाही.

बाहेर आल्यावर अंकिता रडवेली होऊन म्हणाली, "सिस्टर, मग आता विचारायचं तरी काय?"

हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षांनी ठाऊक नसणं फार दमवणारं होतं. त्या अंकिताला घेऊन सरळ वॉर्डात, चार नंबरपाशी बसलेल्या हरणाबाईकडे गेल्या. "मावशी, पोटातला वारा खालून सुटतो ना, त्याला तुमच्यात काय म्हणतात?"

हरणाबाईनं आधी मेट्रनकडं पाहिलं, मग पोरीकडं, आणि पदर तोंडाला लावून खदखदा हसली. आठवड्यात पहिल्यांदा.

"आवं बाई, पादला का म्हनायचं! सरळ इचारायचं. ते सगळ्यास्नीच कळतंय. त्यात लाजायचं काय?"

अंकिता कानांपर्यंत लाल झाली. शेजारच्या पाच नंबरवर एक निवृत्त हेडमास्तर होते, पित्ताशयाचं मोठं ऑपरेशन झालेले, कडेगावचे. भिंगाचा चष्मा लावून ते पेपर वाचत होते. बर्गे सिस्टरांनी तिच्याकडं नुसतं पाहिलं. तिनं तक्ता छातीशी धरला आणि खाटेपाशी गेली.

"सर, तुम्ही... पादलात का?"

हेडमास्तरांनी पेपर खाली केला, चष्मा काढला आणि प्रश्नाचा नीट विचार केला.

"नाही, बाळ. अजून नाही."

अंकितानं चादर बाजूला करून पोटावर हात ठेवला, दाबून पाहिलं, कानाला नळी लावून ऐकलं. मग तक्त्यावर लिहिलं, 'नाही.' हेडमास्तरांना त्या दिवशी पाणी दिलं नाही.